दोरांच्या शेडमधली मंडळी

४ एप्रिल

दादा,

नमस्कार-बिमस्कार सगळं गृहीत धर. तू पाकीट फोडशील की नाही याचीच खात्री नाही, तर मायना रंगवत कशाला बसू?

आधी तुझी तक्रार. तू महिन्यातून दोनदा आईला पत्र पाठवतोस. आईला हल्ली अक्षर लागत नाही, म्हणजे वाचून दाखवायचं मी. त्यात आईच्या गुडघ्यांची चौकशी असते, तुझ्या मेहुण्यांच्या खोकल्याची असते, मागच्या वेळी तर मांजरीचीसुद्धा होती. माझं नाव तेवढं नसतं. आणि मी मेली ते मोठ्याने, नीट थांबत थांबत वाचते. ऐकून झालं की आई म्हणते, "किती जीव आहे त्याचा सगळ्यांवर." मी म्हणते, "हो ना."

मला माहीत आहे तुझ्या मनातून काय जात नाही ते. तुझ्या लेकाचा बाप्तिस्मा. मी आत्या, म्हणून त्याला हातावर घेऊन मीच उभी. पाळकही तू आणि बापही तू. तू विचारलंस, "या बाळाच्या वतीने तू विश्वास ठेवतेस का?" त्याची टाळू धडधडत होती, मला तेवढंच दिसत होतं. मी म्हटलं, "मी कसं सांगू? हा मोठा झाला की सांगेल." अख्ख्या देवळासमोर! वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटी तिच्या आईने बाळाला माझ्याकडून काढून घेतलं आणि उत्तर दिलं.

बाहेर पायरीवर तू म्हणालास, "हा आईचा अपमान आहे. आईने तुला अशीच हातावर घेतली होती, तुझ्या वतीने हो म्हटलं होतं, ते तू चारचौघांत खोटं पाडलंस." पुढच्या उन्हाळ्यात मी समुद्रात बुडी घेऊन, स्वतःच्या तोंडाने हो म्हणून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि तू बोलणंच टाकलंस.

मी माफी मागायला लिहीत नाहीये, उगाच आशा नको. आईबद्दल लिहितेय. आमच्या मंडळीत कोणी पाण्यातून वर आलं की आई टाळ्या वाजवते आणि म्हणते, "मलाही घ्या." गेल्या तीन खेपा म्हणतेय. आणि दादा, तिचं मन आता भरती-ओहोटीसारखं झालंय. कधी असते, कधी नसते. जे काही करायचं ते थंडीच्या आत करायला हवं. थंडीत आम्ही कोणाला पाण्यात उतरवत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्यातलं किती उरेल कोण जाणे.

तुला न विचारता केलं असं व्हायला नको, म्हणून लिहिलं.

धाकटी


२९ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. बरं. मग मी माझंच रेटते.

आम्ही कुठे बसतो ते तू कधी विचारलं नाहीस, तर ऐक. तुझ्या मेहुण्यांच्या दोर वळायच्या शेडमध्ये. तुला ती आठवत असेल. रुंदीला एक खोली आणि लांबीला अख्खी गल्ली. लांबच लांब दोर वळायचा तर तेवढी जागा लागते. सुरुवातीला आम्ही मोजून सात जण. मी, हे, मासळीचा लिलाववाला, त्याची बायको, नर्सबाई, कस्टममधला कारकून आणि त्याची आई. एका टोकाला खोकी मांडून बसायचो आणि उरलेली शेड आमच्या मागे अंधारात पडून असायची. बोललेलं तिकडे जायचं आणि बऱ्याच वेळाने परत यायचं, जणू शेवटी कोणीतरी बसून आमचं ऐकतंय.

आता तिथे खरंच माणसं बसतात. बाक वाढत वाढत मागच्या दारापर्यंत गेलेत. जुन्या होड्यांच्या फळ्यांचे बाक, अजून डांबराचा वास येतो. पाळक कोणाला करायचं याची सभा झाली आणि सगळ्यांनी ह्यांनाच धरलं. हे म्हणाले, "मला दोर वळता येतो, दुसरं काही येत नाही." पण हात वर झाले ते झाले. आठवडाभर उलटं चालत दोर वळायची सवय, त्यामुळे हे उपदेश करतानासुद्धा बोलता बोलता मागे सरकतात. पाठ भिंतीला टेकली की उपदेश संपला असं समजून लोक पुस्तकं मिटतात.

शेवटच्या बाकांना काही ऐकू जायचं नाही. म्हणून लिलाववाल्याला मधोमध उभं केलं. पुढून एक वाक्य आलं की त्याने ते मागे ओरडून सांगायचं. त्याचा गळा तुला ठाऊक आहे. पण तो पडला लिलाववाला, आलेला माल होता तसा पुढे ढकलणं त्याला जमतच नाही. हे म्हणाले, "देव दयाळू आहे." मागे पोहोचलं, "देव दयाळू आहे, इतका दयाळू तुम्ही पाहिला नसेल, पुन्हा मिळणार नाही!" मागचे लोक ह्यांच्या उपदेशाचं फार कौतुक करतात. हे बिचारे गोंधळतात.

गाण्याची गंमत वेगळीच. मागचे अर्धी ओळ उशिरा. पुढे आमेन होतं तेव्हा तिकडे अजून शेवटचं कडवं चालू. आधी आम्ही वैतागलो, मग सोडून दिलं. आता आम्ही आमचं संपवून गप्प बसतो आणि आमचंच गाणं आमच्याकडे येताना ऐकतो. उन्हाच्या तिरिपेत तागाचं तूस तरंगत असतं, सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. पोरंसोरंसुद्धा पिकल्या केसांची दिसायला लागतात. आई माझ्या शेजारी डोळे मिटून बसते. तिला वाटतं आपण होडीत आहोत. एकदा माझ्या कानाशी म्हणाली, "आता पोचूच आपण." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पाण्यात उतरायचे झगे मी शिवते. शिडांचं कापड शिवणारीला झगा काय अवघड? पण पहिल्याच खेपेला फजिती. कापड पाण्यात फुगून वर यायला नको, म्हणून मी खालच्या पट्टीत जाळ्याची शिशाची वजनं शिवली. शिवली ती जरा सढळ हाताने. कस्टमचा कारकून मुळात काडीपहिलवान. ह्यांनी त्याला बुडवला आणि तो वर येईचना! ह्यांना वाटलं प्रार्थनेत रमलाय. शेवटी लिलाववाल्याने काखेत हात घालून उपसला. खोकून खोकून तो म्हणाला, "माझं जुनं आयुष्य गेलं हे नक्की, नवं थोडक्यात वाचलं." तेव्हापासून वजनं निम्मी.

हसलास ना? हसला असशील तर कळव.

धाकटी


१७ जून

दादा,

आज घरात माझ्याशी कोणी बोलत नाहीये, म्हणून तुझ्याशी बोलते. तूही बोलत नाहीस, पण तुझी सवय आहे.

आमची रीत अशी, की कोणाला पाण्यात उतरायचं असेल तर त्याने मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. का यायचंय ते. मग सगळ्यांनी हात वर करायचे. एक जरी हात खाली राहिला तरी थांबायचं. कोणाच्या सांगण्यावरून कोणाला बुडवायचं नाही, एवढ्यावरच तर ही मंडळी उभी राहिली.

काल आईची पाळी. नर्सबाईने तिचे केस विंचरून दिले होते. हे खाली वाकून म्हणाले, "आई, तुम्हाला का यायचंय आमच्यात? देवाबद्दल तुमच्या मनात काय आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा." आईने त्या लांबच लांब शेडकडे पाहिलं. मागचं दार उघडं होतं आणि तिथे समुद्राचा एवढासा तुकडा चमकत होता. मग म्हणाली, "किती लांबून आलेत सगळे. जेवल्याशिवाय सोडू नकोस हं."

लिलाववाल्याने ते जसंच्या तसं मागे सांगितलं. हसू बाकांवरून मागे गेलं, आणि हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी. हात वर झाले. भराभर, सगळे. आईने बघितलं, सगळे हात वर करतात, तर तिनेही केला. माझा मात्र मांडीवर.

दादा, मला करताच आला नाही. ज्या प्रश्नाला मी तुझ्या लेकाच्या वतीने हो म्हटलं नाही, त्याला आईच्या वतीने कसं म्हणू? तिला खरंच यायचंय की टाळ्या वाजवायला आवडतात म्हणून म्हणते, हे मला कळत नाही. आणि मला कळत नाही तर मंडळीला कसं कळलं?

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हात दुखतो का गं तुझा?"

नर्सबाई वाटेत म्हणाली, "परक्याने आडकाठी केली असती तर समजलं असतं. जन्मदात्या आईला!" हे तर कालपासून एक अक्षर बोललेले नाहीत. सकाळी चहा पुढे ठेवला, तर कपाचेच आभार मानले. मला झोंबलंय. मलाच सगळ्यांपेक्षा जास्त हवंय रे, हे कोणाला दिसत नाही का? ती पाण्यातून वर येतेय आणि मी तिला पंचात गुंडाळतेय, हे मी डोळे मिटले की दिसतं. झगा बेतून ठेवलाय. गळा मोठा ठेवलाय, तिला घट्ट चालत नाही.

धाकटी


८ जुलै

दादा,

आलं तुझं पत्र. वर माझं नाव पाहिलं आणि मी आधी स्वयंपाकघरात जाऊन हात धुऊन आले. मग वाचलं आणि असा संताप आला म्हणतोस!

"आता कळलं?" असं लिहिलंयस. ज्याला बोलता येत नाही त्याला हातावर घेऊन त्याच्यासाठी बोलणं, देऊळ म्हणजे तेवढंच असतं, असं लिहिलंयस. वाक्य चांगलं आहे. राग ओसरल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हाही चांगलंच वाटलं.

पण त्याच्या खाली काय लिहितोस? आईवर पाण्याचा थेंब टाकाल तर खबरदार. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे. "आईच्या वतीने मी नाही म्हणतो."

आईच्या वतीने! तुला कोणी नेमलं? वर्षावर्षात तिचं तोंड पाहिलेलं नाहीस. तिला आंघोळ मी घालते, भात मी भरवते, संध्याकाळी घरी जायचं म्हणून रडते तेव्हा शेडला एक फेरी मारून घर आलं म्हणून मी सांगते. आणि नाही म्हणायला तू! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी हो म्हटलेलं नाही, ते माझ्या कारणासाठी. तुझ्यासाठी नाही. हे नीट लक्षात ठेव.

वहिनीने शेवटी दोन ओळी लिहिल्यात, त्या पोहोचल्या. लेकाचा दात पडला म्हणे. त्याला आत्याकडून पापा दे. नसेल द्यायचा तर राहू दे.

धाकटी


२० ऑगस्ट

दादा,

तुला कालचं सांगायलाच हवं, दुसऱ्या कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

मी मंडळीला म्हटलं होतं, आईला सभेत विचारू नका, सभेच्या वेळी ती नसतेच. कधी कधी सकाळी डोळा उघडला की ती स्वच्छ असते. मला नावाने हाक मारते, बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते सांगते. दुधाला उकळी येईपर्यंत टिकतं, पुढे नाही. तर त्या वेळी सगळ्यांनी यायचं, तिने सांगायचं, तिथेच हात. हे म्हणाले, "सभा काय भिंतींची असते? माणसं आली की झाली." तेव्हा कुठे घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

गेला आठवडाभर धुकं आहे. असं धुकं की समोरच्या खिडकीतली कुंडीसुद्धा दिसत नाही. काल सकाळी आई उठली आणि म्हणाली, "अगं, किती वाळलीस तू." मी तशीच खिडकीत धावले आणि लिलाववाल्याला हाक दिली. तो गल्लीत निघाला ओरडत, "आई आल्या! आई आल्या! चला!" नुसता आवाज, माणूस दिसेना. मग दारं उघडल्याचे आवाज, चपलांचे आवाज, आणि धुक्यातून एकेक जण उगवायला लागला. कारकून अर्धी दाढी केलेला. नर्सबाईच्या हातात कोणाच्या तरी तोंडातून काढलेलं थर्मामीटर. एक बाई कणकेच्या हातांनी, एक म्हातारा उलट्या सदऱ्याने. अंगण भरलं, मागचे नुसते छायेसारखे.

मी आत गेले तर आई पुन्हा झोपलेली. तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखी.

कोणी चिडलं नाही. कोणीतरी हळूच गाणं सुरू केलं, मागच्यांनी ते आपल्या सवयीने उशिरा उचललं. धुक्यात कुठून येतंय कळत नव्हतं. आई गाण्याने जागी झाली, खिडकीशी आली आणि हरखून म्हणाली, "अगंबाई, माझ्या लग्नाची माणसं आली की! आणि मी अजून अशीच!" आणि मला म्हणाली, "ताई, माझी साडी काढ ना." मी आता तिची ताई, आपली मावशी. मी साडी काढली. ती नेसून अंगणात उभी राहिली, प्रत्येकाला वाकून नमस्कार करत राहिली.

मला हसू येईना आणि रडूही येईना. झगा पुरा होत आलाय. समुद्र अजून कोमट आहे.

धाकटी


३ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र बसून वाच.

परवा दुपारी शेडच्या मागच्या दारात बसले होते, हातात आईच्या झग्याची शेवटची पट्टी. ती शेजारी पाय पसरून समुद्राकडे बघत. हे गावात गेलेले, आसपास कोणी नाही. अचानक तिने माझ्या लहानपणच्या नावाने हाक मारली, "ठमे, हे काय शिवतेस?"

म्हटलं, "तुझाच झगा. पाण्यात उतरायचा."

"मला कशाला?"

मी सुई खाली ठेवली. हाक मारायला कोणी नव्हतं, आणि कोणाला आणायला गेले तर येईपर्यंत ती जाणार. मी तिचे हात धरले आणि सभेत विचारतात तसंच विचारलं, "आई, तुला बाप्तिस्मा हवाय का? कोणी सांगतं म्हणून नाही. तुला स्वतःला?"

तिने विचार केला. दादा, ती विचार करत होती, मला दिसत होतं. मग म्हणाली, "माझा झालाय. मी तान्ही होते, मला कुठला आठवायला? माझ्या आईला आठवत होता. मला तेवढं पुरतं."

"पण तूच म्हणतेस ना, मलाही घ्या?"

"तुमच्यात बसायला घ्या. तुमचं गाणं मला आवडतं. त्यासाठी भिजायलाच पाहिजे का?"

मला रडूच फुटलं. तेवढ्यात जे इतकी वर्षं विचारायची हिंमत झाली नव्हती तेही विचारून घेतलं. म्हटलं, "तू माझ्या वतीने हो म्हटलेलं मी मोडलं. दादा म्हणतो तुझा अपमान केला मी."

"कोणाचा?"

"तुझा."

"मग मला कोणी विचारलं?" केवढी रागावली म्हणून सांगू! "तू एवढीशी होतीस, तुला बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोलले. मोठी झालीस, म्हणालीस माझं मी सांगते. सांगितलंस. मग त्यात बिघडलं काय? आता माझं मी सांगतेय, तर रडतेस कशाला? आणि त्यालाही सांग, माझ्या नावाने भांडत बसू नका म्हणावं. मला वकील नको."

मग म्हणाली, चहा टाक. चहा घेता घेता ती मला पुन्हा ताई म्हणायला लागली.

आता खरं सांगते. तिचं बोलणं माझ्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. काल रविवारी शेडमध्ये उभी राहून मी म्हणू शकले असते, आई हो म्हणाली. सगळे हात वर झाले असते, या वेळी माझाही. झगा तयार, पाणी कोमट. आलं मनात. सकाळी तोंड धुताना आलं, वाटेने जाताना आलं, उभी राहिले तेव्हाही आलं.

मी म्हटलं, "आई नाही म्हणाली."

लिलाववाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तेवढंच मागे सांगितलं. त्यात भर नाही, एक शब्द नाही. हे भिंतीपर्यंत सरकले होते, तिथून म्हणाले, "मग आपल्याला हवं होतं ते मिळालं. तिने स्वतः सांगितलं."

पुढे प्रश्न निघाला, की मग तिने बसायचं कुठे? ती मंडळीतली की बाहेरची? कारकून म्हणाला, नियमात बसत नाही. त्याची आई म्हणाली, "तू गप रे, तुला आम्ही पाण्यातून उपसून काढलाय." शेवटी हात. आईने माझ्या शेजारी बसायचं, कायम, कोरडीच. सगळ्यांचे वर झाले. माझा पहिला.

दादा, तू चिडलास तो आईच्या वतीने. मी इतकी वर्षं मनात तुझ्याशी भांडले तीही तिच्याच वतीने. आणि ती बिचारी दोघांच्या मध्ये बसून चहाची वाट बघत होती. हसावं की कपाळ बडवावं?

देवाबद्दल तुझं-माझं पटणार नाही. तू शिंपडत राहा, आम्ही बुडवत राहतो. हातावर घेऊन बोलण्याच्या तुझ्या त्या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि आईच्या उत्तराला तुझ्याकडे नसेल. त्यावर समोरासमोर बसून वाद घालू, वहिनी जेवायला हाक मारेपर्यंत. पण लवकर ये. परवापासून ती एकदाही स्वच्छ झालेली नाही. तुला ओळखेल असा शब्द मी देत नाही.

तुमच्याकडची बोट इथे दुपारी लागते. हे धक्क्यावर येतील. मीही येईन, वहिनी बोलली नाही तरी चालेल, मी पिशव्या उचलेन.

मला तुझी फार आठवण येते रे. पायरीवर तू पाठ फिरवलीस त्या दिवसापासून येते. हे आईच्या वतीने लिहीत नाही, कोणाच्याच नाही. हे माझं मी सांगतेय.

तुझी
ठमी